मदत हवी आहे: स्पिरिटच्या स्टोव्हसाठी गोव्यात दुकानात नेमकं काय मागायचं?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आठ दिवस पायी फिरायचा बेत आहे. पेडण्याहून निघायचं आणि डिचोली, वाळपई, फोंडा, सांगे, केपे करत काणकोण गाठायचं. अभयारण्यात शिरणार नाही, गावातल्या वाटांनीच जाणार. मुक्कामाला एखाद्या देवळाची अग्रशाळा, नाहीतर ओळखीची पडवी. जेवण वाटेत मिळेल, पण पहाटे पाचचा चहा कोण देणार? म्हणून कोल्ड्रिंकचे दोन कॅन कापून स्टोव्ह केलाय.

अडलंय इंधनापाशी. हार्डवेअरच्या दुकानात ‘स्पिरिट’ मागितलं, त्याने लेबल नसलेली बाटली दिली. अंगणात पेटवलं तर वीतभर पिवळी ज्योत, टोपाचं बूड काळंकुट्ट आणि चहाला नव्या कपाटाचा वास! ओतून टाकला. काय मागू? किती नेऊ? मेडिकलमधलं चालेल का? भाऊ म्हणतो, गोव्यात राहून इंधन कसलं शोधतोस, फेणी घाल.

पॉलिशवाला: तुम्हाला थिनर दिलाय. आमच्या धंद्यात काही जण दोन्हीला ‘स्पिरिट’च म्हणतात. लाखेच्या पॉलिशला लागतं ते डिनेचर्ड स्पिरिट (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेलं अल्कोहोल) मागा, तेही सीलबंद. शंका आली तर थोडं पाण्यात टाकून बघा. स्पिरिट बहुतेक वेळा निमूट मिसळतं, थिनर पांढुरका होतो किंवा वर तरंगतो. थिनर स्टोव्हमध्ये पुन्हा घालू नका, त्याची वाफही वाईट.

रानवाट: मेडिकलच्या बाटलीवरचं लेबल वाचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्के असेल तर उरलेलं बहुतेक पाणीच. जळतं, पण काजळी धरते. अडीनडीला ठीक. फेणीत अल्कोहोल ४२.८ टक्के, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, तर त्याहून पातळ. भावाला सांगा, ती चहानंतर.

हिशेब असा: वारा अडवला तर अर्ध्या लिटर पाण्याला उकळी यायला साधारण ३० मिली स्पिरिट लागतं. वारा असेल तर दुप्पटही जातं, म्हणून पत्र्याचा आडोसा आधी करा. दिवसातून दोनदा पाणी तापवलंत तर आठ दिवसांना अर्धा लिटर पुरे. सगळं पेडण्याहून वाहू नका, निम्मं फोंड्याला घ्या.

आणि हे नीट वाचा. डिनेचर्ड स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. पाण्याच्या बाटलीत भरू नका. रात्री तहानेने उठलेला माणूस लेबल वाचत नाही. उन्हात याची ज्योत दिसत नाही, त्यामुळे ‘विझला वाटतं’ म्हणून वरून ओतायला जाऊ नका. डबा उपडा घालून विझवा, गार होऊ द्या, मग भरा. पडवीत गवत, झावळ्या असतील तर तिथे पेटवूच नका.

वाटसरू: शेवटी काणकोणच्या किनाऱ्यावर चहा करायचं मनात असेल तर विसरा, गोव्यात किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाकाला बंदी आहे, दंड होतो. परत रेल्वेने येणार असाल तर उरलेलं स्पिरिट सोबत नको. ज्वलनशील वस्तू गाडीत नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काणकोणातल्या चावडी गावच्या बाजारात एखाद्या सुताराला देऊन टाका, तो खूशच होईल.

धागाकर्ता: देव बरें करूं! पाण्याची परीक्षा केली, दुधासारखं झालं. थिनरच होता. आज सीलबंद बाटली आणली. निळी ज्योत, टोप स्वच्छ, दोन कप पाण्याला सात मिनिटं. परतीचं तिकीट रेल्वेचंच आहे, तेव्हा सुतार शोधणं आलं. एकच राहिलं: फोंड्याला मी रविवारी पोचतोय. रविवारी उघडं असणारं हार्डवेअरचं दुकान कुणाला ठाऊक आहे का, की डिचोलीलाच सगळं भरून घेऊ?

पॉलिशवाला: डिचोलीलाच घ्या. रविवारच्या भरवशावर चहा ठेवू नका.