अनुभव धागा : गावात घर बांधायला परवानगी काढलीत? तुमची गोष्ट लिहा

ओटा_आणि_विहीर (धागाकर्ता)

जुनं घर उतरवून दीड वर्ष झालं. सामान काकांच्या माडीवर, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत. गाव तालुक्याचं, नगरपरिषद ‘क’ वर्ग, जागा 210 चौरस मीटर. आर्किटेक्टने आठ दिवसांत नकाशा हातात ठेवला. तो दाखल करायला मात्र अकरा महिने गेले, कारण मालमत्ता पत्रकावर अजून आजोबाच होते. त्यांना जाऊन एकतीस वर्षं झाली.

वारसनोंद म्हणजे दोन आत्या आणि सुरतेला असलेला चुलतभाऊ. थोरली आत्या लगेच आली. धाकटीने पेन हातात घेतलं आणि विचारलं, “परसातली विहीर बुजवणार आहेस का रे?” नाही म्हटलं. “लिहून दे.” दिलं लिहून, वहीच्या पानावर. मग सही झाली.

पुढचा धक्का ओट्याचा. आमची गल्ली जेमतेम 3 मीटर. गावठाणात गल्ली साडेचार मीटरपेक्षा अरुंद असेल, तर तिच्या मध्यापासून सव्वादोन मीटर सोडूनच नवीन बांधकाम करायचं. ओव्हरसिअरने मधोमध खडूची रेघ ओढली, टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि चालत आला. पाऊण मीटर आत. आमचा ओटा अडीच फुटांचा होता. पूर्ण गेला. आजीने पन्नास वर्षं ज्यावर बसून भाजी निवडली, तो ओटा नकाशावर तुटक रेषेने दाखवलाय.

तुमच्याकडे काय झालं? कुठे अडलं, कसं सुटलं, सगळं लिहा. कार्यालयाचं आणि माणसाचं नाव नको.

निवृत्त_ओव्हरसिअर

टेबलाच्या पलीकडून 34 वर्षं काढली, म्हणून लिहितो. लोक आधी आर्किटेक्टकडे जातात, तिथेच चुकतं. आधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक बघा, मग भूमी अभिलेखकडे मोजणी टाका. मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्याशिवाय नकाशाला पेन्सिल लावू नका. कागदावरचं क्षेत्र, जागेवरचं क्षेत्र आणि कुंपण, तिन्ही जुळलेल्या फायली मी बोटांवर मोजाव्यात इतक्या पाहिल्या.

दुसरं. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक अभियंत्याने प्रमाणित केलेला नकाशा आणि कागद दाखल केले, शुल्क भरलं, की ती पावतीच परवानगी. 150 ते 300 ला दहा दिवस. यावरून गावात उठलं की ‘आता परवानगी लागत नाही’. नियम लागतात हो! सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, सोडावी लागते, जोतं तपासून घ्यावं लागतं, राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

आणि ते 60 दिवसांचं. अर्ज करून साठ दिवस उत्तर नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं नगररचना कायद्याच्या कलम 45 मध्ये आहे खरं. पण प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. एकसष्टाव्या दिवशी कुदळ मारणाऱ्याला कलम 53 ची, बेकायदा बांधकाम काढायची नोटीस द्यायलाही मीच गेलोय.

काळी_माती

चहापाण्याबद्दल कोणी लिहिणार आहे की सगळे देवमाणसं भेटली?

निवृत्त_ओव्हरसिअर

@काळी_माती, वाटच बघत होतो. मागणारे असतात, मी त्यांच्या शेजारी बसलोय. पण कागद अर्धवट असला की मागणाऱ्याचं फावतं. त्रुटी लेखी मागा. तोंडी त्रुटीला अंत नसतो.

सव्वा_गुंठा

आमचं प्रकरण गुंठेवारीचं. 1998 साली वडिलांनी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सव्वा गुंठा घेतला. शेतकऱ्याने एका एकराचे तीस तुकडे करून विकले होते. सातबाऱ्यावर सामाईक नावं, कोणाचा तुकडा कुठे ते फक्त बांधावरच्या दगडांना माहीत. दोन खोल्या बांधल्या, वीज आली, घरपट्टी चालू झाली. आम्ही समजलो झालं सगळं. 2022 ला वरचा मजला काढायला बँकेत गेलो, तर साहेब म्हणाले, घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे.

गुंठेवारीचा कायदा 2001 चा. आधी 1 जानेवारी 2001 पूर्वीचीच बांधकामं नियमित होत. पुढे ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवायची रक्कम), विकास शुल्क, रस्त्यासाठी सोडायची जागा, असं सगळं करून प्रमाणपत्र आलं. शेजारच्या एकाने ‘आपलं घर कोण पाडतंय’ म्हणून अर्जच केला नाही. आता तो विकायला काढतोय आणि माझ्याकडे झेरॉक्स मागतोय.

गोंदेश्वराचा_शेजारी

सिन्नर. गोंदेश्वराचं देऊळ केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात. अशा स्मारकापासून 100 मीटर प्रतिबंधित, त्यापुढचे 200 मीटर विनियमित. पहिल्या पट्ट्यात नवं काही नाही, फक्त दुरुस्ती. दुसऱ्यात राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचं ना-हरकत आणायचं, मगच पालिकेकडे जायचं.

आम्ही कळसापासून मोजलं आणि खूश झालो. ते अंतर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात! पुन्हा मोजलं, तर शंभराची रेघ आमच्या न्हाणीघरातून गेली. मग न्हाणीघर आणि मागची पडवी जुनी तशीच ठेवून पुढच्या भागापुरता अर्ज केला. पाहुणे विचारतात, घर असं पुढून नवं, मागून जुनं का? मी देवळाकडे बोट दाखवतो.

गोंयची_सून

आमच्याकडे गोव्यात सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा. जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यात, आहे का ते बघायचं, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता घ्यायची, बिगरशेतीची सनद काढायची आणि शेवटी बांधकामाचा परवाना पंचायतीचा. सासऱ्यांच्या उताऱ्यावर एक मुंडकार होता, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा. त्याचा नातू म्हणाला, आमचं घर आमच्या नावावर करून द्या, मग सही. हक्काचंच मागत होता, दिलं. तोवर जून उजाडला आणि चिरे चार महिने झावळ्यांखाली.

बर्फातला_देशस्थ

मॅसॅच्युसेट्समधलं छोटं गाव. आईला जिना चढवेना, म्हणून तळमजल्यावर खोली आणि बाथरूम काढायचं ठरवलं. बाजूचं अंतर चार फुटांनी कमी पडत होतं. म्हणजे झोनिंगच्या (कुठे काय आणि किती बांधायचं त्या नियमांच्या) अपील मंडळाकडे सवलत मागायची.

मी आईच्या गुडघ्यांचे एक्स-रे घेऊन गेलो होतो. कारकून बाई हळूच म्हणाल्या, ते नका दाखवू. इथल्या कायद्यात माणसाची अडचण मोजत नाहीत, जमिनीची मोजतात. मातीमुळे, आकारामुळे किंवा चढउतारामुळे अडचण होत असेल तरच सवलत. सुदैवाने आमचा प्लॉट पाचरीसारखा, मागे निमुळता. गुडघे हरले, पाचर जिंकली.

300 फुटांच्या परिसरातल्या शेजाऱ्यांना पत्रं गेली, स्थानिक पेपरात दोन आठवडे नोटीस आली. सुनावणीला पलीकडच्या आजी उठून उभ्या राहिल्या. पोटात गोळा. त्यांनी विचारलं, माझ्या टोमॅटोच्या वाफ्यावर सावली पडेल का? नकाशावर उन्हाची दिशा दाखवली, तशा बसल्या. निकाल लागल्यावर अपिलासाठी 20 दिवस थांबायचं, मग निर्णय रजिस्ट्रीत नोंदवायचा, तेव्हा कुठे बांधकामाचा परवाना.

जमीन गोठते म्हणून पाया 4 फूट खाली न्यावा लागतो. काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टर आला, प्रत्येक खड्ड्यात टेप सोडून बघितला. एक तीन इंचांनी उथळ निघाला. “उद्या येतो” म्हणाला आणि खरंच दुसऱ्या दिवशी आला. याचं मला जास्त आश्चर्य वाटलं.

काळी_माती

@बर्फातला_देशस्थ, टोमॅटोच्या सावलीवरून हरकत! आमच्याकडे शेजाऱ्याने माझ्या भिंतीवर जिना टेकवला तेव्हा मीच कार्यालयात चार चकरा मारल्या.

निवृत्त_ओव्हरसिअर

@ओटा_आणि_विहीर, दोन गोष्टी राहिल्या. विहीर मंजूर नकाशात दाखवलीय ना? नसेल तर आत्ताच सुधारित नकाशा द्या, भोगवट्याच्या वेळी गळ्याशी येईल. आणि बांधकाम खर्चावर 1 टक्का कामगार उपकर भरायला सांगतील. स्वतः राहायचं घर 50 लाखांच्या आतलं असेल तर तो लागत नाही; नोव्हेंबर 2025 पर्यंत ही मर्यादा 10 लाख होती. अंदाजपत्रक जोडा आणि विचारा.

ओटा_आणि_विहीर

दाखवलीय. धाकट्या आत्याने नकाशाची प्रत मागवून घेतली होती, स्वतः चष्मा लावून शोधली. उपकराचं माहीत होतं, पण आमचा खर्च त्या मर्यादेत कुठला बसायला.

परवा जोतं तपासून गेले. ओट्याचे दगड गवंडी भरावात टाकणार होता, ते काढून विहिरीच्या कडेला रचलेत. कट्टा होईल एवढे निघाले.