एकाच नावाचा ई. कोलाय, दोन ट्यूबमध्ये वेगळा कसा?

प्रश्न: आमच्याकडे एमजी1655 हा ई. कोलाय जिवाणूचा स्ट्रेन (वाण) दोन ठिकाणांहून आलाय, नाव तेच, पण सॉफ्ट अगारवर (जिवाणू पोहू शकतील अशा मऊ जेलवर) एक भराभर पसरतो आणि दुसरा जागचा हलत नाही, मिडियम तेच, तापमान तेच, मग फरक कुठून आला? कोणी सांगाल का?

पहिलं उत्तर: एमजी1655 मध्ये हे माहितीतलं आहे. फ्लॅजेला (पोहायच्या शेपट्या) बनवणं सुरू करणाऱ्या एफएलएचडीसी जीन्सच्या अलीकडे आयएस1 हा जागा बदलणारा डीएनएचा तुकडा घुसला की फ्लॅजेला जास्त बनतात आणि तो जोरात पोहतो. त्या भागाचा पीसीआर करा (म्हणजे तेवढ्या डीएनएच्या प्रती काढून लांबी बघा), घुसला असेल तर बँड सुमारे 770 बेसने मोठा येईल.

दुसरं उत्तर: मुळात एमजी1655 ज्यातून आला तो के-12 स्ट्रेन 1922 मध्ये स्टॅनफर्डला रुग्णाच्या विष्ठेतून वेगळा केलेला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तो नुसता कल्चर करतच सांभाळला. त्यात ओ अँटिजेन (पेशीच्या बाहेरच्या साखरेच्या साखळ्या) गेलं, पुढे एमजी1655 बनवताना एफ प्लाझमिड (डीएनएचं वेगळं वर्तुळ) आणि लॅम्डा फाज (जीनोममध्ये दडलेला विषाणू) मुद्दाम काढले, शिवाय त्याच्या आरपीएच जीनमध्ये फ्रेमशिफ्ट (वाचनाची चौकट सरकवणारा बदल) आहे, त्यामुळे पिरिमिडीन (डीएनए-आरएनएचे घटक) कमी पडतं आणि मिनिमल मिडियममध्ये (फक्त क्षार आणि साखर असलेल्या) वाढ मंदावते. याला ‘वाइल्ड टाइप’ (मूळ, न बदललेला) म्हणणं मला तरी पटत नाही!

तिसरं उत्तर: स्टॅबमध्ये (अगारच्या ट्यूबमध्ये टोचून) पडून राहिलेल्या कल्चरमध्ये आरपीओएस (उपासमारीत तग धरायला लागणारा जीन) बिघडलेले म्युटंट बऱ्याचदा वरचढ होतात, म्हणून प्लेटवरून प्लेटवर नेत बसू नका प्लीज, आल्या आल्या ग्लिसरॉल स्टॉक (गोठवायला ग्लिसरॉल मिसळलेलं कल्चर) करून उणे 80 अंश सेल्सिअसला ठेवा आणि पेपरमध्ये स्ट्रेन कुठून आणला तेही लिहा.

प्रश्नकर्ता: पीसीआरसाठी प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) आजच मागवतो.