मुलांची सहल: चार ठिकाणं नकोत, दोनच करूया

नाईक (ए-२०३): नमस्कार मंडळी, आपल्या सोसायटीतल्या सहावी-सातवीच्या मुलांची सहलीसाठी नावं आली, मिनीबस भरली. प्लॅन असा, आठला पर्वरीहून निघायचं, मिरामारचं सायन्स सेंटर, मग जुने गोवेचं म्युझियम, मग बोगमाळोला नेव्हीची विमानं आणि येता येता बाणावलीचं गोवा चित्र. सातला घरी. चालेल ना?

गांवकर बाई (सी-१०२): नाईक भाऊ, ही म्युझियमची नाही, बसची सहल झाली. अख्खा दिवस मुलं खिडकीतून हायवे बघणार. मागे एका शाळेच्या सहलीबरोबर गेले होते तेव्हा हेच, ओळीत चला, हात लावू नका, पुढे सरका, आणि घरी आल्यावर काय बघितलं विचारलं तर आईस्क्रीम. दोनच ठिकाणं करा, मिरामार आणि जुने गोवे. बाकीची कुठे पळून जात नाहीत.

कामत (ए-४०४): बाई बरोबर बोलताहेत, पण मग मुलांकडून वर्कशीट भरून घ्या, नाहीतर नुसतं हुंदडणं होईल.

गांवकर बाई: वर्कशीट दिलं की मुलं पाट्या उतरवून काढतात हो, वस्तूकडे ढुंकून बघत नाहीत. सायन्स सेंटरमधल्या वस्तू हाताने हलवून बघायसाठीच असतात, तिथे त्यांना हुंदडूच दे. जायच्या आधी घरी एक करा. सुतळीला एक नट बांधून २५ सेंटीमीटरवर लोंबकळत सोडा आणि दहा झोके मोजा (गेला आणि परत आला की एक झोका), साधारण दहा सेकंद लागतील. सुतळी १ मीटर केली तर वीस. लांबी चौपट, वेळ दुप्पट. मग विचारा, एकाऐवजी दोन नट लावले तर? निम्मी मुलं म्हणतील आता हळू होणार, निम्मी म्हणतील जोरात, आणि वेळ तेवढाच येतो. हे भांडण घरी झालेलं मूल सेंटरमध्ये गेलं की आपणहून एखाद्या वस्तूपाशी थांबतं, नाहीतर सगळी बटणं दाबत सुटतं.

शिरोडकर काका (बी-१०१): माझा विमानांसाठी आग्रह आहे. नोकरी नेव्हीत गेली म्हणून नाही (थोडं म्हणूनही). तिथे सी हॅरिअर आहे, २०१६ मध्ये नेव्हीने निवृत्त केलं ते, त्याच्या पोटाशी चार नॉझल, म्हणजे इंजिनाचा झोत सोडणारी तोंडं, फिरणारी, खाली वळवली की विमान उभं उतरतं. मुलांनी फक्त ती नॉझल शोधायची.

गांवकर बाई: काका तुमचा प्रश्न एकदम झकास, म्हणूनच त्याला वेगळा रविवार द्या आणि माहिती तुम्हीच सांगा. गोवा चित्रचंही तेच, तिथे जुनी शेतीची अवजारं, मापं, घाणे इतके मांडलेत की आजी-आजोबांना बरोबर नेल्याशिवाय मजा नाही.

नाईक: बरं. जुने गोवेला मुलं कंटाळतात पण, सगळे दगड आणि गव्हर्नरांचे फोटो.

गांवकर बाई: फोटो नव्हेत ते, रंगवलेली चित्रं. १५४७ मध्ये जुवांव द काश्त्रू या पोर्तुगीज गव्हर्नराने सुरुवात केली. पण मी मुलांना आधी वीरगळांकडे नेईन, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. वीरगळ खालून वर वाचायचा, कॉमिकच्या उलट. खालच्या पट्टीत लढाई, वीर पडला, त्याच्या वरच्या पट्टीत अप्सरा त्याला धरून वर नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापाशी बसलाय. तिथे एक दगड असा आहे की त्यावरची लढाई जहाजावर आहे, गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या काळातला. मुलांना एवढंच सांगायचं, या माणसाला मरण कुठे आलं ते दगड बघून सांगा. पाटी वाचायची नाही. मग बघा किती वेळ खिळून राहतात.

प्रभुदेसाई वहिनी (डी-३०१): मी मधेच बोलते हां. माझं माहेर दिवाडी बेटावरचं, जुने गोवेहून फेरीबोट धरली की समोरच. संध्याकाळी मुलांना बांधावर मानस दाखवूया ना, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, माझा भाऊ येईल. त्या दाराला ना मोटर ना माणूस, नदीला भरती आली की बाहेरचं पाणीच लाकडी दार दाबून बंद करतं, खारं पाणी शेतात शिरत नाही, आणि ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. आमच्या खाजणाची, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतीची राखण शेकडो वर्षं अशीच चाललीय. तिकीट पण नाही.

गांवकर बाई: वहिनी, तुम्ही तर अख्खी सहलच बदलली. हे हवंच. नाईक भाऊ, रविवारच्या भरती-ओहोटीची वेळ बघा आधी.

नाईक: बघितली. भरती साडेअकरा, ओहोटी साडेपाचच्या सुमारास.

गांवकर बाई: मग उत्तम. सकाळी मिरामार, जेवून जुने गोवे, चारला फेरी. त्या वेळी दार उघडलेलं असणार.

कामत: एक विनंती, आमच्याकडे रविवारी बारसं आहे, सहल पुढच्या रविवारी ढकलली तर?

गांवकर बाई: कामत, भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. सात दिवसांत जवळजवळ सहा तास. पुढच्या रविवारी चारला गेलो तर पाणी वर आणि दार घट्ट बंद.

प्रभुदेसाई वहिनी: आणि भावाची सुट्टी पण ह्याच रविवारी.

कामत: बरं बाबा, बारसं दुपारी उरकतं, मी मुलाला घेऊन परस्पर जुने गोवेच्या फेरी धक्क्यावर येतो. फेरी चुकली तर थांबाल ना?

शिरोडकर काका: फेरी चुकली तर पुढची येते कामत. ओहोटी चुकवू नका. मी येतोय, बसमध्ये एक सीट ठेवा, आणि नाश्त्याला बन्स कोण करतंय ते आत्ताच ठरवा.