मदत हवी आहे : लायकेनची (दगडफुलाची) स्पॉट टेस्ट, म्हणजे रसायनाचा थेंब टाकून रंग बघायची, सगळंच पिवळं येतंय

पानगळ_नाशिक :
नमस्कार. एमएस्सी बॉटनीचा प्रोजेक्ट आहे, सोमवारी सबमिशन. ३२ नमुने आहेत आणि सगळ्यांची टेस्ट सारखीच येतेय. के टाकला की पिवळं, सी टाकला की काहीच नाही. पुस्तकातल्या जाती ओळखायच्या तक्त्यात लाल आलं तर ही जात, नारिंगी आलं तर ती जात असं लिहिलंय. माझ्याकडे ना लाल ना नारिंगी. ३२ च्या ३२ एकच जात कशी असेल? गाईड सर 'पुन्हा कर' एवढंच म्हणतात. काय चुकतंय ते लवकर सांगा. डीएनए करा असं सांगू नका, पैसे नाहीत.

गोडा_मसाला :
मसाल्यातलं दगडफूल का? ते आधी नीट निवडून घे बाई, साल आणि खडे फार असतात. मग थोड्या तेलावर मंद परतायचं. जास्त परतलं की कडू होतं.

मधला_आळी :
के म्हणजे काय? जीवनसत्त्व?

पानगळ_नाशिक :
पोटॅशियम हायड्रॉक्साइड हो. सी म्हणजे ब्लीच, सोडियम हायपोक्लोराइट. आणि मी 'बाई' नाही, काकू.

निवृत्त_रसायन :
फोटो नाही, ठिकाण नाही, द्रावण किती टक्क्यांचं ते नाही, आणि म्हणे लवकर सांगा. केओएच किती टक्के? ब्लीच कधीचं? नमुने झाडावरचे की दगडावरचे? ओले असताना टेस्ट केली की वाळल्यावर?

पानगळ_नाशिक :
केओएच १० टक्के, मीच बनवलंय. ब्लीच लॅबमधलंच, खिडकीत बाटली असते तीच. नमुने आंब्यावरचे, त्र्यंबक रोडच्या पुढे. वाळलेले. फोटो अपलोड होत नाहीयेत.

निवृत्त_रसायन :
खिडकीत! म्हणजे उन्हात. अरे, हायपो उन्हात बसतो. तुझ्या बाटलीत आता बहुतेक मिठाचं पाणी उरलंय. नवी बाटली आण, साधं पांढरं ब्लीच, सुगंधी-रंगीत नको. आणि आधी ज्यावर लाल येणार हे ठाऊक आहे अशा लायकेनवर तपासून बघ. नाहीतर काही आलं नाही तर चूक ब्लीचची की लायकेनची, कसं कळणार?

जाता जाता. नायलँडर या फिनलंडच्या लायकेन-अभ्यासकाने के आणि सी या दोन्ही टेस्ट १८६६ मध्ये मांडल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या लायकेनवर त्याने लिहिलं आणि शहरातल्या हवेशी त्यांचा संबंध जोडला. म्हणजे टेस्ट आणि प्रदूषणाचा विषय, दोन्हींच्या सुरुवातीच्या काळात हाच माणूस.

सातपूरकर :
मग सातपूर एमआयडीसीतल्या झाडांवर लायकेन दिसतं का कुणाला? आमच्या कंपनीच्या कंपाउंडमधला वड अगदी धुतल्यासारखा स्वच्छ आहे.

अंजनेरी_भटक्या :
दिसतं, वेगळ्या प्रकारचं. पण धागा भरकटवू नका. पानगळ, थेंब नेमका कुठे टाकतोस?

पानगळ_नाशिक :
लायकेनवर.

अंजनेरी_भटक्या :
लायकेनवर कुठे? वर, खाली, आत?

पानगळ_नाशिक :
वर. अजून कुठे टाकणार?

अंजनेरी_भटक्या :
तिथेच घोळ आहे. करड्या रंगाच्या बऱ्याच पार्मोट्रेमांच्या (पानासारख्या लायकेनची एक प्रजाती) वरच्या सालीत ॲट्रानोरिन नावाचं रसायन असतं आणि के ला ते पिवळं होतं. तू ३२ वेळा ॲट्रानोरिन तपासलंस. जात ओळखायला उपयोगी पडणारी ॲसिडं बहुधा आत, मेड्युलात असतात.

नवीन ब्लेडचा कोपरा घे. लायकेनच्या वाळलेल्या पाळीच्या कडेजवळ साल फक्त एका बाजूला उचल, आणि आतला कापसासारखा मेड्युला दिसला की थांब. हिरवा थर दिसला तर अजून खोल जायचंय, तो शैवालाचा. पांढरा कापूस उघडा पडला की काचेच्या काडीने त्यावर टिपूस ठेव. ड्रॉपरचा अख्खा थेंब नको, सगळं भिजतं आणि पुन्हा सालीचंच पिवळं दिसतं. टेबलावर भिंग लाव, कारण काही रंग क्षणभर येतात आणि जातात. जायरोफोरिक ॲसिडचा गुलाबी तर डोळा मिटेपर्यंत गेलेला असतो.

मेड्युलात के ने पिवळं होऊन रक्तासारखं लाल झालं तर सॅलाझिनिक किंवा नॉरस्टिक्टिक, पिवळ्याचं नारिंगी झालं तर स्टिक्टिक. के ला काही नाही पण सी ला लाल, तर लेकॅनोरिक.

मधला_आळी :
मला वाटायचं दगडफूल म्हणजे शेवाळ.

अंजनेरी_भटक्या :
बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात ते. ही ॲसिडं बनवते ती बुरशी.

डीएनए_च_खरं :
हे रंग बघून जाती ठरवणं जुनं झालं. युरोपातल्या स्यूडेव्हर्निया या लायकेनचंच घ्या. एका गटात फायसोडिक ॲसिड, दुसऱ्यात ऑलिव्हेटोरिक, म्हणून दोन नावं दिली, आणि डीएनए केला तर वेगळे निघालेच नाहीत. एकाच जातीत केमोटाइप, म्हणजे वेगळ्या रसायनांचे गट, असतात. सिक्वेन्सिंग करा.

पानगळ_नाशिक :
पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय, पैसे नाहीत.

निवृत्त_रसायन :
एका उदाहरणावरून सगळं मोडीत काढू नका. पार्मोट्रेमा परलेटम आणि रेटिक्युलेटम वरवर जवळपास सारखी दिसतात. एकात स्टिक्टिक, दुसऱ्यात सॅलाझिनिक. रेटिक्युलेटमच्या सालीवर बारीक जाळी असते खरी, पण कोवळ्या तुकड्यावर ती दिसेल याची खात्री नाही. तिथे के चा थेंबच निकाल देतो, आणि कारकुनालाही परवडतो.

डीएनए_च_खरं :
परवडतं म्हणून बरोबर, असं नसतं काका.

निवृत्त_रसायन :
नसतं, म्हणून टीएलसी (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, प्लेटवर रसायनं वेगळी करायची पद्धत) करतात. ॲसिटोनमध्ये काढायचं, प्लेटवर चालवायचं, १० टक्के सल्फ्युरिक फवारून तापवायचं. कल्बर्सन आणि क्रिस्टिन्सन यांची पद्धत १९७० ची आहे. पुण्याच्या आघारकर संस्थेत लायकेनवर वर्षानुवर्षं काम झालंय, संदर्भ हवे असतील तर तिथे विचारा.

जुगाडू :
पी टेस्टही करा. पॅराफेनिलीनडायअमिन महाग पडतं, तर केसांना लावायच्या काळ्या रंगात तेच असतं. छोटं पाकीट आणा.

अंजनेरी_भटक्या :
अजिबात नको. त्या पाकिटात किती पीपीडी आणि बाकी काय काय आहे, हे तुम्ही सांगू शकता का? रंग आला तर तो कशाने आला? शिवाय पीपीडी अंगाला लागलं तर काहींना जबरदस्त ॲलर्जी होते. हातमोजे घालून, फ्यूमहूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), गाईडसमोर करायची टेस्ट आहे ती.

जुगाडू :
मिशीला महिन्यातून दोनदा लावतो, काही झालं नाही.

निफाड_बागायतदार :
धागा बघून विचारतो. माझ्या द्राक्षाच्या जुन्या खोडांवर असलं पांढरं-हिरवं चिकटलंय. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारलं तर जाईल का? वेल खातं का ते?

अंजनेरी_भटक्या :
खात नाही, भाऊ. सालीवर फक्त बसून राहतं, रस शोषत नाही. बोर्डोचा निर्णय भुरी-डाऊनी हे द्राक्षाचे रोग बघून घ्या.

निफाड_बागायतदार :
शेजाऱ्याने तर खरवडून काढलं. बरं.

पानगळ_नाशिक :
घराजवळच्या दुकानातून नवी बाटली आणली. आधी आईच्या डब्यातल्या दगडफुलावर सराव केला. एकाच पाकिटातल्या एका तुकड्याला के ने लाल, दुसऱ्याला नारिंगी, तिसऱ्याला सी ने लाल! आई म्हणाली, सणाच्या मसाल्याला उरू दे.

मग माझे नमुने ब्लेडने. १९ ला के ने काही नाही पण सी ने लगेच लाल. ९ ला के ने पिवळं, मग लाल. उरलेल्या ४ ला आतही काही नाही. खरं सांगायचं तर त्या ४ ला आधी वरचं पिवळंही आलं नव्हतं, घाईत 'सगळे सारखे' लिहून टाकलं.

गोडा_मसाला :
बाजारचं दगडफूल मिसळलेलंच असतं. म्हणून मी वास घेऊन घेते, पाकिटातलं नाही.

अंजनेरी_भटक्या :
'सगळे सारखे' आणि चार वेगळे! असो. १९ साठी एवढ्यावर नाव लिहू नकोस, लेकॅनोरिक ॲसिड एकापेक्षा जास्त जातींत असतं. वरच्या बाजूला बारीक काड्या-मोतीसारखं काही आहे का, की कडेला पावडर?

पानगळ_नाशिक :
१४ ला बारीक काड्या, हात लावला की तुटतात. ५ ला कडेला पिठासारखं, आणि खालची कड पांढरट. मी दोन्ही एकाच लिफाफ्यात ठेवले होते.

अंजनेरी_भटक्या :
काड्यांचा तो पार्मोट्रेमा टिंक्टोरम असावा, पिठाचा ऑस्ट्रोसायनेन्स. रसायन एकच, जाती दोन. लिफाफे आधी वेगळे कर. ९ साठी भिंगाने सालीवर जाळी बघ. आणि ते ४ सालीला घट्ट चिकटलेले, सपाट आहेत का? किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो, त्याखाली धर. पिवळे चमकले तर लायकेक्सॅन्थोन हे रसायन, म्हणजे बहुधा पिक्सिन कोकोस ही जात.

पानगळ_नाशिक :
दुकानदार म्हणाला, नोट आण मग दिवा लावतो. वीसची नोट दिली. चारही पिवळे चमकले. ९ पैकी ७ वर जाळी आहे, २ वर दिसत नाही. लिफाफ्यांवर नवीन चिठ्ठ्या चिकटवतोय. टीएलसीची प्लेट नाशिकमध्ये सुटी मिळते का?

डीएनए_च_खरं :
त्या २ साठी सिक्वेन्सिंग करा.

मधला_आळी :
कॉलेज रोडच्या मागे केमिकलचं एक दुकान आहे, तिथे विचारा. रविवारी बंद असतं.