मदत हवी आहे: मिथिलीन ब्लू उन्हात साफ, डाइंगचं पाणी जैसे थे

मंडळी, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी नॅनो टिटॅनियम डायऑक्साइडने (पी-२५ नावाची तयार पूड) पाण्यातला रंग घालवायचा प्रयत्न करतेय. मिथिलीन ब्लू (प्रयोगासाठी नेहमी घेतात तो निळा रंग) या पुडीबरोबर गच्चीवर उन्हात ढवळत ठेवला की दुपारपर्यंत पाणी पांढुरकं होतं, रंगाच्या प्रकाशशोषणाचा ६६४ नॅनोमीटरचा पीक बसतो. गाईड खूश. पण इचलकरंजीच्या एका डाइंग युनिटमधून आणलेलं काळं पाणी दिवसभरात जेमतेम फिकं होतं. पूड वाढवली तर नुसतं गढूळ. युनिटवाले म्हणतात, सुती कापडाचा रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक (धाग्याशी रासायनिक बंध करणारा काळा रंग) आहे. पीएच १० च्या वर. झिंक ऑक्साइड घेऊ का? यूव्ही दिव्याला डिपार्टमेंट पैसे देणार नाही.

प्रतिसाद १:
पूड नका बदलू, आधी पाणी बघा. झिंक ऑक्साइडलाही साधारण ३८० नॅनोमीटरच्या खालचाच, म्हणजे यूव्ही, प्रकाश लागतो. उन्हात तो चार-पाच टक्के, आणि तुमचं काळं पाणी तेवढाही आत शिरू देत नाही. आधी भरपूर पातळ करा.
दुसरं म्हणजे, रिअ‍ॅक्टिव्ह डाइंगला मीठ आणि सोडा पोत्यांनी लागतो. उन्हात पुडीवर तयार होणारे, रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल (अतिशय क्रियाशील कण) मिठातलं क्लोराइड आणि सोड्यातलं कार्बोनेटच खाऊन टाकतात.
खरी मेख मात्र विद्युतभाराची. पीएच साधारण ६.५ च्या वर गेला की टिटॅनियाचा (म्हणजे तुमच्या टिटॅनियम डायऑक्साइडचा) पृष्ठभाग ऋणभारित होतो. मिथिलीन ब्लू धनभारित, तो येऊन चिकटतो. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ (तुमचा काळा रंग बहुधा हाच) त्यातल्या सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित, तो लांब ढकलला जातो. आम्ल घालून पीएच ४ च्या आसपास आणा, कार्बोनेटही फसफसून जाईल. पण आधी युनिटला नक्की विचारा: पाण्यात सल्फर ब्लॅक (गंधकयुक्त काळा रंग) मिसळलेला असेल तर आम्ल घातल्यावर हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो विषारी. काहीही असो, हे काम फ्यूम हूडमध्येच.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. फक्त मिथिलीन ब्लूच्या निकालावर फार विसंबू नका. तो स्वतःच दृश्य प्रकाश शोषून टिटॅनियाला इलेक्ट्रॉन देतो, शिवाय पुडीवर नुसता चिकटूनही पाण्यातून कमी होतो. अर्धा तास अंधारात ढवळून मग उन्हात न्या, आणि शेजारी पूड न घातलेलं एक बीकर ठेवा. रंग गेला म्हणजे रेणू संपला असंही नाही; सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं ऑक्सिडीकरण करायला लागणारा ऑक्सिजन) मोजा.

धागाकर्ती:
धन्यवाद! शुद्ध रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ डिस्टिल्ड पाण्यात घेऊन, मग मीठ आणि सोडा वेगवेगळे घालून बघितलं तर नेमकं कोण आडवं येतंय ते कळेल ना?

प्रतिसाद २:
कळेल. आम्ल घालून चौथं बीकरही लावा. आणि रीडिंगआधी सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर पुडीचा गढूळपणाच मोजत बसाल.