नोज टॅकलला एवढे महत्त्व का?

प्रश्न (कोल्हापूर): अमेरिकन फुटबॉलच्या ३-४ बचावात (पुढच्या रांगेत तिघे, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर) मधोमध उभा राहणारा नोज टॅकल स्वतः क्वचितच कोणाला पाडतो, मग संघ त्याला एवढे का जपतात?

उत्तर १: तो प्रतिस्पर्ध्यांच्या सेंटरच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू करणाऱ्याच्या) थेट समोर उभा राहून त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटी सांभाळतो. त्याला हटवण्यासाठी सेंटरबरोबर त्याच्या शेजारचा गार्डही गुंतला, की मागचे लाइनबॅकर मोकळे राहतात आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला तेच पाडतात. साहजिकच आकडेवारीत नाव त्यांचे लागते.

उत्तर २: केवळ वजन पुरत नाही. पॅट्रियट्स संघाचा नोज टॅकल व्हिन्स विलफोर्क सव्वातीनशे पौंडांचा होता, पण आपल्या तालमीतल्या मल्लाप्रमाणे कंबर खाली ठेवूनच त्याला दोघांचा रेटा सोसावा लागे.

उत्तर ३: सहमत. मात्र तिसऱ्या डाउनला (दहा यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) बरेच अंतर उरले असेल, तर पासच्या अपेक्षेने त्याला बहुधा बाहेरच बसवतात.