दम्यावर मधमाशीचा डंख?

मधमाशीचे डंख घेतले की दमा कायमचा सुटतो, असं वर एका दादांनी लिहिलंय. दादा, हे जरा जपून. त्या विषात मेलिटिन, फॉस्फोलिपेज असली द्रव्यं असतात. ज्याला त्यांची अ‍ॅलर्जी, त्याचा घसा सुजतो, रक्तदाब एकदम उतरतो. त्यात माणूस दमेकरी असेल तर धोका जास्तच. मग मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन ताबडतोब लागतं, आणि खानापूरच्या जंगलातल्या वाडीवरून बेळगाव गाठेपर्यंत तेवढी सवड कुठली? विषाचे अगदी थोडे, वाढते डोस देऊन उपचार करतात हे खरं, पण तो मधमाशीच्याच अ‍ॅलर्जीवर. दम्यावर नव्हे.

दम्या-खोकल्यावर अडुळशाचा काढा घेतात, त्यात मात्र तथ्य आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरूनच ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध निघालं. पण आवळलेली श्वासनळी झटक्यात मोकळी करायला तोंडानं औषध ओढायचा पंपच (इनहेलर) हवा.

आमच्या निपाणीकडे वखारीत बायका नाकाला पदर घट्ट बांधून तंबाखू चाळतात. संध्याकाळी पदर तपकिरी झालेला असतो. तिथं नुसता काढा पिऊन काय होणार? आधी ती धूळ टळायला हवी.

आणि हो, मध कितीही अस्सल असला तरी वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका. बोटुलिझमची, म्हणजे जंतूंच्या विषानं अंग लुळं पडण्याच्या आजाराची, भीती असते.